कारण लिहा

आमच्या वहिनीला भांडायला आवडतं, असं लोक म्हणतात. ते खरं नाही. तिला भांडण आवडत नाही. आपल्याला कोणी गोड बोलून गुंडाळलं हे उशिरा कळलं की मात्र तिला सोसत नाही, आणि मग समोर कोण आहे, केवढा आहे, हे ती बघत नाही. मी हे छातीठोकपणे सांगतो, कारण गेली सव्वीस वर्षं मी तिच्यापासून आठ-दहा पावलांवर बसतो. आतल्या खोलीत ती कापते आणि शिवते, बाहेर रस्त्याच्या खिडकीशी मी काज-बटणं करतो. पाटीवर अजून माझ्या थोरल्या भावाचं नाव आहे. दादा जाऊन अकरा वर्षं झाली, पण दुकान त्याच्या हयातीतही वहिनीच्याच हातावर चालत होतं. हे दादालाही ठाऊक होतं आणि तो ते हसत कबूल करायचा.

वहिनीकडे येणाऱ्या बायका म्हणजे तयार कपडे ज्यांच्या अंगावर बसत नाहीत त्या. एकीचा खांदा वर, एकीची पाठ वाकलेली, एकीचा एक हात दुसऱ्यापेक्षा आखूड. मोठ्या दुकानातून तीन-तीन कोट घालून बघून, रडवेल्या होऊन त्या आमच्या दारात यायच्या. आतल्या खोलीच्या कोपऱ्यात एक पडदा आहे, त्याच्यामागे वहिनी मापं घेते. तिथे पूर्वी आरसा होता. वहिनीने तो काढून टाकला. म्हणाली, बायका आरशात बघून श्वास आत ओढतात आणि माझं माप चुकतं. मला विचाराल तर कारण तेवढंच नव्हतं, पण ती तेवढंच सांगायची.

आमच्या धंद्याची एक रीत होती, ती आधी सांगायला हवी. माप गिऱ्हाइकाला सांगायचं नाही. दादाने तर मोजायच्या फितीचे पहिले तीन इंच कापूनच टाकले होते. फीत तीनच्या आकड्यापासून सुरू. कोणी वाकून बघितलं तरी तीन इंच जास्तच वाचणार. वहीत लिहायचं तेही तसंच, वर आमच्या खुणा वेगळ्या. ठिपका म्हणजे एक, उभी रेघ म्हणजे दुसरं. एकदा एका बाईने आमच्या वहीत डोकावून आपली मापं पाठ केली आणि कोपऱ्यावरच्या शिंपी मास्तराकडे जाऊन कोट शिवला. त्या कोटात तिच्यासोबत तिची बहीणही मावली असती. दादा आठवडाभर हसत होता. बाई निमूट परत आमच्याकडे आली. हे सगळं मला तेव्हा फार हुशारीचं वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी वहिनीच्या उजव्या अंगठ्याचा सांधा सुजू लागला. तीस वर्षं जड कात्री चालवली की दुसरं काय होणार. सकाळी कपातला चहा तिला दोन्ही हातांनी धरून प्यावा लागे. डॉक्टर म्हणाले कात्री सोडा, वहिनी म्हणाली डॉक्टर बदलते. तेव्हा कापणीचं यंत्र आणायचा हट्ट मी धरला. हो, मीच. हे मी कुठेही लपवत नाही, लपवायला वहिनीने वावही ठेवलेला नाही.

यंत्र त्या कंपनीचं. नाव कशाला घ्यायचं, तुमच्या खिशातल्या फोनात ती बसलेलीच आहे. पूर्वी अशी यंत्रं करणारे तिघे होते. एकाला या कंपनीने विकत घेतलं, दुसऱ्याने दुकान गुंडाळलं, तिसरा कसाबसा तग धरून होता. कंपनीचा माणूस आला, त्याला मी गुळगुळीत म्हणायचो. हनुवटी गुळगुळीत, बूट गुळगुळीत, बोलणं तर विचारूच नका. म्हणाला, "ताई, यंत्र तुम्हाला फुकट. फक्त आमच्याकडे एक खातं उघडायचं. मापं आमच्याकडे सुरक्षित राहतील, वह्या हरवायची भीती नको." वहिनीने विचारलं, "माझ्या वह्या कधी हरवल्या?" तो हसला. मी तिच्याकडे डोळे वटारले. तिने सही केली.

यंत्र चालायचं मात्र झकास. टेबलावर कापड पसरायचं, यंत्राच्या पडद्यावर मापं भरायची, की एक बारीक पातं सरसर फिरून कोटाची पाठ, बाह्या, कॉलर कापून मोकळं. गिऱ्हाइकाचा फोन नंबरही भरायचा, म्हणजे कपडा तयार झाला की निरोप आपोआप जाणार. वहिनीने तीन वजा करून करून तीनशे चाळीस बायकांची खरी मापं त्यात भरली. सहा महिन्यांत अंगठ्याची सूज उतरली. मी कॉलर ताठ करून हिंडायचो.

आता हेडबाईंचं सांगतो. त्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, म्हणून हेडबाई. कडक बाई. त्यांच्या चपलांचा आवाज आला की रस्त्यावरची पोरंच काय, मीही सरळ बसायचो. चार वर्षांपूर्वी त्यांचं मोठं आजारपण झालं. डावी बाजू काढावी लागली. परत शाळेत उभं राहायचं तर कोणाला कळता कामा नये, एवढंच त्यांचं मागणं. वहिनीने त्यांच्यासाठी आतून अस्तर भरून असा कोट बसवला, की शाळेतल्या एका बाईलाही संशय आला नाही. मी काज करायला तो कोट हातात घ्यायचो तेव्हा मला कळलंच, पण मी कधी ताकास तूर लागू दिली नाही. आमच्या वहीत त्यांच्या नावापुढे नुसता एक ठिपका होता.

यंत्राला ठिपका चालेना. बाकीच्यांचं खांदा वर, हात आखूड, एवढं लिहिलं की भागायचं. वहिनीने हेडबाईंची मापं भरली आणि पडद्यावर लाल अक्षरं आली: दोन बाजू जुळत नाहीत, कारण लिहा. वहिनीने लिहिलं, "तशाच आहेत." यंत्र म्हणालं, कारण पुरेसं नाही. तिने लिहिलं, "माप बरोबर आहे." पुन्हा लाल. यंत्र अडून बसलं. पातं हलेना, आणि हेडबाईंना सोमवारी बक्षीस समारंभासाठी कोट हवा होता. वहिनी माझ्याकडे बघत म्हणाली, "भावजी, काय करू?"

मी दाताने दोरा तोडत म्हणालो, "खरं काय ते लिहून टाक की. यंत्र आहे, कोणाला सांगणार आहे?"

तिने लिहिलं. शस्त्रक्रिया, डावी बाजू काढलेली. पातं लगेच फिरायला लागलं.

तीन महिन्यांनी शाळेत शिक्षकांची सभा होती. हेडबाईंनी आपला फोन भिंतीवरच्या मोठ्या पडद्याला जोडला होता, नवं वेळापत्रक दाखवायला. वेळापत्रकावर वरून एक जाहिरात घरंगळली. एक हसरी बाई, आणि खाली अक्षरं: शस्त्रक्रियेनंतरही तुमचा तोल सांभाळा, डाव्या बाजूसाठी खास तुमच्या मापात. एकोणीस शिक्षक खोलीत होते. कोणी काही बोललं नाही, आणि त्यावरूनच हेडबाईंना कळलं की सगळ्यांनी वाचलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्या आमच्या दारात. मी उभा राहिलो, त्यांनी मला बसायची खूण केली आणि आत गेल्या. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "हे तीन माणसांना माहीत होतं. डॉक्टर, माझे यजमान आणि तुम्ही. डॉक्टरांकडे माझा हा नंबर नाही. यजमान तर मलाही धड फोन करत नाहीत."

वहिनी म्हणाली, "मी लिहिलं. यंत्रात."

"का?"

"त्याने विचारलं म्हणून."

हेडबाईंनी त्या यंत्राकडे पाहिलं. मग, "मी तुम्हाला कधी विचारलं नव्हतं की कोणाला सांगणार नाही ना म्हणून. विचारायची गरज वाटली नव्हती," असं म्हणून निघून गेल्या. वहिनीने यंत्राची वायर भिंतीतून उपटली. मी म्हणालो, "अगं, दोन कोट अर्धे कापायचेत." ती म्हणाली, "कात्री कुठाय?"

त्या दिवसापासून आमचं आणि कंपनीचं सुरू झालं. वहिनीचं मागणं साधं होतं: माझी तीनशे चाळीस मापं मला परत द्या आणि तुमच्याकडची पुसून टाका. फोनवर दर वेळी नवा माणूस. प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं. एक म्हणाला, तुम्ही संमती दिली आहे. दुसरा म्हणाला, खातं बंद केलं तर यंत्र चालणार नाही. वहिनी म्हणाली, "ते मी बंदच केलंय, तुम्ही मापांचं बोला." तिसऱ्याने मापं पाठवली. उघडून बघितली तर नुसती किडामुंगीसारखी अक्षरं. ती फक्त त्यांच्याच यंत्राला वाचता येत होती. तग धरून असलेल्या त्या तिसऱ्या यंत्रवाल्याकडे मी स्वतः गेलो. तो बिचारा म्हणाला, "काका, त्यांनी या अक्षरांची नुसती किल्ली दिली तरी दोन दिवसांत वाचून दाखवतो. पण ते देत नाहीत आणि आम्ही कुलूप तोडलं तर आम्हालाच कोर्टात खेचतात." पुसण्याचं विचारलं की एकच उत्तर: तुमची विनंती नोंदवली आहे. अशी ती नऊ वेळा नोंदवली गेली.

दहाव्या वेळी वहिनीने फोन ठेवला आणि एक कागद घेऊन तीनशे चाळीस बायकांची यादी केली. म्हणाली, "यांना मी स्वतः जाऊन सांगणार."

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "वहिनी, बाकीच्यांना काही कळलेलंसुद्धा नाही. तू घरोघरी जाऊन आपल्याच दुकानाची बदनामी करणार? धंदा बसेल."

"बसू दे. त्यांना ते भिंतीवर वाचायला लागण्याआधी माझ्या तोंडून कळू दे."

सव्वादोन महिने लागले. सकाळी कापणी, दुपारनंतर दारोदार. मीही जायचो, यादीवर खुणा करायला म्हणून, खरं तर ती चिडून कुठे जास्त बोलू नये म्हणून. पण ती सगळीकडे तेच बोलायची: तुमचं माप माझ्याकडून बाहेर गेलं, चूक माझी, परत मिळवायचा प्रयत्न करतेय. काहींनी दार लावून घेतलं. एका बाईने आपले शिवायला दिलेले कपडे त्याच पावली परत मागितले. एका बेकरीवालीने पीठ मळता मळता हसून म्हटलं, "माझं पोट सगळ्या गावाला दिसतं, कंपनीला कळलं तर काय बिघडलं?" वहिनी म्हणाली, "गावाला दिसतं ते तू दाखवतेस. हे मी दाखवलं." बेकरीवालीचे हात थांबले. तिने आम्हाला खुर्च्या दिल्या.

त्याच सुमारास सरकारने या कंपनीची चौकशी करायला तीन जणांची समिती नेमली. लहान धंदे करणाऱ्यांनी आपली तक्रार येऊन सांगावी असं पेपरात आलं. फोटोवाले, रिक्षावाले, औषध दुकानदार, सगळ्यांचीच गाऱ्हाणी होती. वहिनीने अर्ज दिला. आणि इथे आम्ही दोघांनी मिळून एक घोडचूक केली. आमच्याकडे मापं किती जपून ठेवली जायची हे समितीला कळावं म्हणून दादाच्या काळ्या पुठ्ठ्याच्या सातही वह्या पिशवीत भरून नेल्या. कल्पना माझी होती, हे तुम्ही ओळखलं असेलच.

सभागृहात गार हवा सोडलेली, मधे लांब टेबल, पलीकडे समिती. कंपनीच्या बाजूने एक वकीलबाई होत्या, हुशार आणि शांत. त्या म्हणाल्या, "मापं म्हणजे निव्वळ आकडे. आकड्यांत खासगी ते काय?"

वहिनी उठली. तिने गळ्यातली फीत काढली आणि म्हणाली, "मग या इकडे. मी तुमचं माप घेते आणि इथे सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवते. आकडेच तर आहेत."

मागच्या बाकांवर खसखस पिकली. वकीलबाई हसल्या, पण खुर्चीतून हलल्या नाहीत. समितीच्या अध्यक्षांनी घसा खाकरून वहिनीला बसायला सांगितलं. मला वाटलं, जिंकलो.

वकीलबाईंनी पुढचं पान उलटलं. "कोणाचं नुकसान झालं ते नावानिशी सांगा. त्याशिवाय समितीने मानायचं कसं?"

"नाव सांगणार नाही."

अध्यक्ष समजावणीच्या सुरात म्हणाले, "बाई, नाव नसेल तर तुमची ही तक्रार आम्हाला पुराव्याअभावी बाजूला ठेवावी लागेल. विचार करा."

"केलाय," वहिनी म्हणाली. "तिचं एकदा मी सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणार नाही. ठेवा बाजूला."

मी तिची बाही ओढली. हेडबाईंना विचारून बघू, त्या कदाचित हो म्हणतील, असं मी कानात पुटपुटलो. तिने माझा हात झटकला. "त्यांना विचारायचं म्हणजे पुन्हा त्यांच्याच दारात जाऊन उभं राहायचं, की आता तुम्हीच मला सोडवा. मी जाणार नाही."

मग वकीलबाईंचं लक्ष पिशवीकडे गेलं. त्यांनी एक वही मागितली. मी अभिमानाने दिली. त्यांनी पानं चाळली आणि विचारलं, "हे मला वाचता येत नाही. कोणाला येतं?"

"मला," वहिनी म्हणाली. "आणि आमच्या भावजींना."

"दुसऱ्या शिंप्याला?"

"नाही."

"ज्या बाईचं माप आहे तिला?"

वहिनीने नकाराची मान हलवली.

"तिने मागितलं तर तुम्ही तिला तिचं माप देता?"

"नाही. आजवर नाही दिलं."

"का?"

"ती दुसरीकडे जाऊ नये म्हणून."

वकीलबाईंनी वही अलगद मिटली. "मग आमच्या अशिलात आणि तुमच्यात फरक काय राहिला?"

खरं सांगतो, मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. सव्वीस वर्षं ज्या गोष्टीवर आम्ही हसलो, ती त्या बाईने पाच प्रश्नांत आमच्याच तोंडून वदवून घेतली होती. काहीतरी उत्तर दे, मी मनात म्हणत होतो, काहीही दे. धंद्याची रीत आहे म्हण, सगळेच शिंपी तसं करतात म्हण.

वहिनी म्हणाली, "काही नाही. माझं दुकान लहान आहे एवढाच फरक. तुम्ही म्हणता ते खरं आहे."

वकीलबाईंना हे अपेक्षित नसावं. त्या वही परत करणार तेवढ्यात वहिनी पुढे बोलली, आणि आता तिचा तो आवाज लागला होता जो आम्हाला घरात सगळ्यांना माहीत आहे. "चुकलं ते चुकलं. उद्यापासून माझ्या दुकानात जिचं माप तिच्या हातात, कोणत्याही शिंप्याला वाचता येईल अशा अक्षरात. सात वह्या आहेत, मी एकटी आहे, माझा अंगठा दुखतो. तरी महिन्याभरात करून दाखवते. तुमच्याकडे हजारो माणसं आहेत आणि सगळ्यांचे अंगठे धड आहेत. तुम्हाला किती दिवस लागतील ते आता इथे सांगा."

वकीलबाईंनी अशिलाकडे विचारणा करून कळवते म्हणून सांगितलं. ते अजून कळवलेलं नाही. वहिनीची तक्रार नावाअभावी बाजूला ठेवली गेली. समितीचा अहवाल यायचा आहे म्हणे.

दुकानात परत आल्यावर मी तोंड उघडलं. म्हणालो, त्या वह्या म्हणजे दादाचं आयुष्य आहे, दुकानात दुसरं आहे काय? चार खुर्च्या आणि तुझा दुखरा अंगठा. मापं वाटून टाकलीस तर बायका उद्या कोपऱ्यावरच्या मास्तराकडे जातील, आणि तो आपल्याला हसेल. जे काय साठलं होतं ते सगळं मी ओकून टाकलं. तिने ऐकून घेतलं आणि पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. "तुमचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. मी सांगते, तुम्ही लिहा. प्रत्येक आकड्यातून तीन वजा करायला विसरू नका."

मी लिहिलं. न लिहून करतो काय. ठिपके, रेघा, खुणा, सगळं उलगडून साध्या भाषेत: छाती, कंबर, खांदा, पाठीची लांबी. एक महिना आणि चार दिवस. बायका येऊन आपापला कागद घेऊन गेल्या. कितीतरी जणींनी आपलं माप आयुष्यात पहिल्यांदा वाचलं. एकीने तिथेच तीनदा वाचून विचारलं, "एवढंच? मला वाटलं होतं मी फार बेढब आहे." बेकरीवालीने आपला कागद दुकानात भिंतीला चिकटवला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवला. तिची मर्जी. आणि मी म्हटलं होतं तसं झालंही. साठ-एक बायका कोपऱ्यावरच्या मास्तराकडे गेल्या, तो रस्त्यावरून मला हात करून हसला. पण मग त्याच्याकडच्या बायकांनीही आपापला कागद मागायला सुरुवात केली, तेव्हा त्याचं हसू मावळलं. तो देईना, तशा त्यातल्या काही जणी आमच्याकडे येऊन नव्याने माप द्यायला उभ्या राहिल्या. मी त्याला हात केला नाही. करायचं मनात मात्र फार होतं.

हेडबाई सगळ्यांत शेवटी आल्या. मी खिडकीतून त्यांना पलीकडच्या फुटपाथवर पाहिलं, त्या दोनदा पुढे जाऊन मागे आल्या. आत आल्या तशी वहिनी उठून उभी राहिली. पडद्याकडे तिने हात केला. हेडबाई तिकडे गेल्या नाहीत.

"मी कागद न्यायला आलेय," त्या म्हणाल्या. "तुम्ही समितीपुढे नाव सांगितलं नाही ते कळलं मला. त्याबद्दल आभार. पण त्या पडद्यामागे आता मला उभं राहवणार नाही. मी दुसरीकडे शिवेन."

वहिनीचा चेहरा पडला, ते मला स्पष्ट दिसलं. ती नुसती मान हलवून टेबलाशी गेली, हेडबाईंचा कागद काढला, आणि माझ्या अक्षराखाली स्वतःच्या हाताने लिहायला लागली. डाव्या खांद्याची शिवण अर्धा इंच पुढे घ्या. अस्तर दुहेरी, आतलं कापड आडवं कापा. तिसरं बटण थोडं वर, नाहीतर वाकल्यावर कोट उघडतो. चार वर्षं उसवून उसवून तिने जे शोधून काढलं होतं, ज्याच्यासाठी कोपऱ्यावरच्या मास्तराने काहीही दिलं असतं, ते सगळं. अंगठा दुखत होता म्हणून मधे दोनदा लेखणी खाली ठेवली. मी म्हणालो, "सांग, मी लिहितो." ती म्हणाली, "नको, हे मी लिहिते."

हेडबाईंनी कागद वाचला. वरपासून खालपर्यंत नुसते आकडे आणि शिवणी. "हे वाचून दुसऱ्याला जमेल?"

"जमायला पाहिजे. नाही जमलं तर त्याला माझ्याकडे पाठवा. तुम्ही यायची गरज नाही. मी त्याला शिकवेन."

हेडबाईंनी कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली. दारापर्यंत गेल्या, माझ्याकडे बघून हलकेच मान तुकवली आणि गेल्या. चपलांचा आवाज कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होता. वहिनी टेबलाशी माझ्याकडे पाठ करून उभी होती आणि पदराने नव्हे, हातातल्या कापडाच्या तुकड्यानेच तिने डोळे पुसले.

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "वहिनी, चार वर्षांचं गिऱ्हाईक गेलं."

"गेलं," ती म्हणाली. "तिला जायचं होतं आणि ती सगळं घेऊन जाऊ शकली. त्या लोकांच्या तावडीतून माझं एक माप अजून बाहेर आलेलं नाही. उद्या पुन्हा फोन लावून द्या मला, अकरावा."

मग तिने कात्री उचलली आणि बाहेर बाकावर थांबलेल्या बाईला आत बोलावलं.